वाचक विचारतात : येतेबोरी पायी

प्रश्न : सप्टेंबरात मुलाकडे स्वीडनमधल्या गोथेनबर्गला जाणार आहोत. पांडवलेणी रोज चढतो. तिथे पायी काय पाहावं?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पाट्यांवर ‘येतेबोरी’ हे मूळ नाव दिसेल. सुरुवात हागा वस्तीपासून करा. तिथल्या घरांचा तळमजला दगडविटांचा, वरचे दोन लाकडी. आगीच्या भीतीने तीन मजली लाकडी घरांना बंदी होती, त्यातून निघालेली ही तोड. शेजारच्या टेकडीवर सतराव्या शतकातला स्कान्सन क्रोनन बुरूज आहे. चढण तुम्हाला किरकोळ.

खरी मजा बेटांवर. ट्रामने साल्टहोल्मेन, तिथून बोटीने व्रोंगो. बेटावर मोटारी नाहीत, पायवाटा खडकांतून किनाऱ्याने जातात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी पाहून ठेवा. पाण्यालगतचा काळा पट्टा शेवाळाचा असतो, कोरडा दिसला तरी पाय सटकतो. तिथे उतरू नका. गवतातून चालताना पँट मोज्यात खोचा. गोचीड चिकटलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल लावू नका.

खासगी रानातूनही चालायची मुभा आहे. घराचं अंगण आणि उभं पीक मात्र टाळा.