परतीचं भाडं अर्जात लिहिलंत का?

प्रश्न : आम्ही चौघांनी बर्फाळ, निर्मनुष्य भागासाठी एक स्वयंचलित हवामान केंद्र तयार केलं आहे. शीतपेटीत उणे ४० अंशाला ते तीन दिवस बिनतक्रार चाललं. सरकारी चाचणी अनुदानाचा अर्ज मात्र 'प्रत्यक्ष परिस्थितीतला पुरावा नाही' असा शेरा मारून परत आला. अहो, तो पुरावा मिळवायलाच तर पैसे मागतोय!

उत्तर : तुमचा वैताग कळतो, पण तुम्ही बहुधा चुकीचं दार ठोठावलंत. नासानं १९७०च्या दशकात आखलेली आणि आज नऊ पायऱ्यांची असलेली 'टीआरएल' मोजपट्टी, म्हणजे तंत्रज्ञान प्रत्यक्ष वापराला किती तयार आहे हे सांगणारी, अनेक सरकारी योजना वापरतात. शीतपेटीतली चाचणी म्हणजे पाचवी पायरी, फार तर सहावी. कॅनडा सरकार अर्जदाराचा नमुना स्वतः विकत घेऊन वापरून बघतं, पण ती योजना सातव्या पायरीपासून पुढच्यांसाठी आहे. तेव्हा आधी योजनेची पायरी बघा, मग अर्ज भरा.

दुसरं असं, की दर वेळी रोख रक्कमच कशाला मागायची? स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर लाटांवर आणि भरती-ओहोटीवर चालणारी यंत्रं तपासण्याचं केंद्र २००३ पासून आहे. तिथे सरकारी पैशांतून समुद्रतळाशी केबल आधीच टाकून ठेवल्या आहेत. आपलं यंत्र न्यायचं आणि जोडायचं. ध्रुवीय संशोधन तळांचंही तेच. तुम्हाला हवी आहे छतावरची चार फूट जागा, थोडी वीज आणि आठवड्यातून एकदा बर्फ झटकणारा कुणीतरी. तेवढंच मागितलंत तर नकार देणं समितीलाही अवघड जातं. (मी अशा समितीवर बसलो आहे. यंत्राच्या कौतुकाची पानं आम्ही भराभर उलटत असू.)

आता तुमच्या तीन दिवसांबद्दल. माझं पहिलं यंत्र पाच महिने बर्फावर राहून परत आलं, तेव्हा त्यातल्या वादळाची वेळ शेजारच्या यंत्राशी काही केल्या जुळेना. अर्ध्या तासाचा फरक. चार रात्री मी प्रोग्रॅम चाळत बसलो. दोष निघाला घड्याळाच्या क्वार्ट्झचा. तो साधारण २५ अंशाला नेमका चालतो आणि उणे ४०ला दिवसाला बाराएक सेकंद मागे पडतो. शीतपेटीत तीन दिवसांत छत्तीस सेकंद, ते कोण बघतो! अहवालात मी हे जसंच्या तसं लिहिलं आणि तापमानाच्या नोंदींवरून वेळा दुरुस्त करून दिल्या. पुढचं अनुदान त्या एका पानावर मिळालं.

शीतपेटीत बॅटरी नुसती वापरलीत, की चार्जही केलीत? लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर ऋण टोकावर धातूरूप लिथियम साचतं आणि ती कायमची बिघडते. ध्रुवावर हिवाळा सरून सूर्य उगवतो, सौर पॅनेल जागं होतं, बॅटरी मात्र अजून उणे ३०ला. नेमकं तेव्हाच चार्जिंग रोखायची सोय तुमच्या सर्किटमध्ये आहे का? असेल तर अर्जात ठळक लिहा.

खर्चाच्या तक्त्यात यंत्राची दुसरी प्रत, हवामान उघडेपर्यंत अडकून पडण्याचे दिवस आणि परतीची वाहतूक धरा. अंटार्क्टिकात बॅटऱ्या टाकून येता येत नाही, १९९१चा माद्रिद करार ते करू देत नाही. आणि प्रमाणित न झालेली नमुना बॅटरी विमानानं न्यायची तर वेगळी परवानगी लागते, तिला वेळ जातो.

प्रश्न : चाचणी फसली तर पैसे परत करावे लागतात का?

उत्तर : अनुदान असेल आणि पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला असेल, तर सहसा नाही. कर्ज असेल तर करारपत्र नीट वाचा. मात्र फसलेलं यंत्र परत आणाच, आणि बाहेरून उबदार खोलीत नेण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. नाहीतर थंडगार सर्किटवर दव धरतं, आणि बिघाड बर्फात झाला की खोलीत, हे मग कुणालाच सांगता येत नाही.