दोन्ही गाड्यांत एकच ऑईल टाकू नका

तुमच्याकडे १९८८ची कार्ब्युरेटरची गाडी आहे, दीड लाख किलोमीटर चाललेली. शिवाय आता नवी टर्बो पेट्रोल घेतलीत, आणि मेकॅनिक म्हणतो की दोन्हींत २०डब्ल्यू-५० टाका, जाड ऑईल म्हणजे इंजिन मजबूत. जुन्या गाडीपुरतं त्याचं बरोबर असू शकेल. नव्या गाडीत मात्र हे अजिबात करू नका.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑईल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहतं ते. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑईल सकाळच्या स्टार्टला लवकर वर पोहोचतं. दुसरा आकडा कंपनीने बेअरिंगमधल्या फटी आणि ऑईल पंप बघून ठरवलेला असतो. तुमच्या नव्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय ना? मग त्या इंजिनाच्या फटी त्याच हिशोबाच्या आहेत. शिवाय व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑईलच्याच दाबावर, बारीक वाटांमधून चालते. तिथे ५० ग्रेडचं, म्हणजे दुसरा आकडा ५० असलेलं ऑईल रेंगाळत पोहोचतं.

टर्बोसाठी ग्रेड जुळली म्हणून भागत नाही. कमी आरपीएमवर जोर लावला की या इंजिनांत कधी कधी स्पार्कच्या आधीच पेट होतो. त्याचा दणका पिस्टन फोडण्याइतका असू शकतो, आणि ऑईलमधल्या कॅल्शियमने हा धोका वाढतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २०२०मध्ये आलेल्या एसपी दर्जात याची चाचणी आहे. डब्यावर एसपी आहे का ते बघा आणि मॅन्युअलमध्ये आणखी कुठला दर्जा लिहिला असेल तर तोही जुळवा.

आता जुनी गाडी. तिच्या कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) लोब, म्हणजे उंचवटे, थेट सपाट टॅपेटवर घासत असतील, तर त्यांना झेडडीडीपी या जस्त-फॉस्फरसवाल्या, झीज रोखणाऱ्या रसायनाचा आधार लागतो. फॉस्फरसने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो, म्हणून एसपीच्या २० आणि ३० ग्रेडमध्ये त्याला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. ४० आणि ५० ग्रेडला एपीआयची ती मर्यादा नाही. त्यामुळे या गाडीत मॅन्युअलप्रमाणे १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०च बरं. ऑईल खात असेल तर मॅन्युअल परवानगी देतं तिथवर एक ग्रेड वर जा. पण रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्टला निळा धूर निघून थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. जाड ऑईलने ते बरे होत नाहीत, फक्त दुखणं लांबतं.

फ्लशिंगच्या, म्हणजे रसायन टाकून इंजिन आतून धुण्याच्या मोहात पडू नका, हे कळकळीने सांगतो. एका जुन्या गाडीत मी फ्लश टाकून नवं सिंथेटिक (कृत्रिमरीत्या घडवलेलं) ऑईल भरलं होतं. दोन दिवसांनी आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ऑईल चेंबर उतरवून बघितलं तर पंपाची जाळी काळ्या, डांबरासारख्या गाळाने जवळजवळ बुजलेली. वर्षानुवर्षं साचलेलं सगळं एकदम सुटून तिथे येऊन बसलं होतं. सिंथेटिकने गळती होते म्हणतात तेही बऱ्याचदा असंच असतं: कडक झालेल्या सीलची फट गाळाने बुजलेली असते, गाळ गेला की ती उघडी पडते. सिंथेटिक वापरायचं तर वापरा, पण पहिले दोन बदल लवकर करा, प्रत्येक वेळी फिल्टरसकट.

मिनरल (कच्च्या तेलातून गाळलेलं साधं ऑईल) की सिंथेटिक यावर मी फार वाद घालत नाही. ग्रेड आणि दर्जा बरोबर असेल आणि बदल वेळेवर होत असेल, तर जुन्या इंजिनाला मिनरलही पुरतं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर मात्र किलोमीटर मोजत बसू नका, महिने मोजा. इंजिन पुरतं तापतच नाही, मग पाणी आणि पेट्रोल ऑईलमध्येच साठत राहतं.

तुमच्या जुन्या गाडीला ४० की ५०, हे एका मोजणीवर ठरेल. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघा, वरच्या खुणेपर्यंत भरा आणि हजार किलोमीटरांनी तसंच पुन्हा बघा. किती कमी झालं तेवढं मला कळवा.