गाडीला १७ इंची अलॉय चाकं टाकायच्या आधी हे वाच भावा

भावा, घाई करू नकोस. तुझ्या गाडीला १६५/८० आर१४ टायर आहेत ना, म्हणजे रुंदी १६५ मिमी, उंची तिच्या ८० टक्के आणि रिम, म्हणजे चाकाचा धातूचा भाग, १४ इंची. म्हणून टायरची साइडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची उंची, १३२ मिमी. तू म्हणतोस ते २०५/४५ आर१७ टाकलेस की तीच होते ९२ मिमी. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो म्हणून स्पीडचा मीटर फारसा चुकत नाही, पण खड्ड्याचा दणका खाणारं रबर ४ सेंटीमीटरनं कमी झालं की रं. वळणावर गाडी टाइट वाटते, स्टेअरिंग फिरवलं की लगेच वळते, हे खरंय, मलाही लय आवडलेलं. पण पावसाळ्यात आंबा घाटात एका खड्ड्यात आदळली आणि खाली उतरून बघतोय तर साइडवॉलला लिंबाएवढा फुगा, रिमची कड आत दबलेली, बायको-पोरं गाडीत आणि वरनं धो धो पाऊस. ते आठवलं की अजून काळजात धस्स होतं.

माझं ऐकशील तर १८५/६५ आर१५ घे. ६२० मिमीचा व्यास ६२१ होतो, साइडवॉल १२० राहते, ग्रिप वाढते. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, मात्र कंपनीएवढाच बघ, रिम जास्त बाहेर आलं की स्टेअरिंग खड्ड्यात हाताला झटके देतं आणि बेअरिंगवर लोड येतो. वजन पण विचार, जड चाक असलं की पिकअप, ब्रेक, सस्पेन्शन सगळ्यालाच त्रास. उद्यमनगरातल्या टायरच्या दुकानात बसवून घेतलेस की अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं), बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं) तिथंच करून घे. आणि दोनच नवे टायर घेणार असशील तर ते मागं टाक, ओल्या रस्त्यावर मागचं घसरलं तर सावरत नाही.