फ्रेंचची बी१ (मध्यम) पातळी पूर्ण झाली आहे. मूळ फ्रेंचमधून पहिली कादंबरी कोणती वाचावी?

आल्बेर काम्यू यांची १९४२ सालची ‘लेत्रांजे’ वाचावी, असे मी आग्रहाने सुचवेन. बहुतेक जण सँत-एक्झ्युपेरी यांचे ‘ल पती प्रँस’ हाती देतात. ते पुस्तक सुंदर आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या निवेदनात ‘पासे सँप्ल’ हा बोलण्यात जवळपास न उरलेला, केवळ लेखनातला भूतकाळ पदोपदी येतो, आणि नवशिक्या वाचकाची गाडी नेमकी तिथेच अडते. उदाहरणार्थ, ‘वी’ असा उच्चार असलेले ‘व्ही-आय-टी’ हे एकच रूप ‘त्याने पाहिले’ असाही अर्थ देते आणि ‘तो जगतो’ असाही. काम्यू यांनी मात्र जवळजवळ संपूर्ण कथन वर्गात शिकवल्या जाणाऱ्या, बोलीतल्या ‘पासे काँपोझे’ या भूतकाळात केले आहे. वाक्ये आखूड आहेत, आणि पहिल्याच वाक्यात निवेदक मर्सो ‘मामाँ’ हा घरगुती शब्द वापरतो, जो आपल्या ‘आई’इतकाच जवळचा वाटतो.

वाचताना प्रत्येक शब्दासाठी कोश उघडू नये. अनोळखी शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून पुढे जावे आणि प्रकरण संपल्यावर वारंवार आलेले तेवढेच शब्द पाहावेत. दोन भाग मिळून अकराच प्रकरणे आहेत. दुसऱ्या भागात न्यायालयातली भाषा येते, तिथे गती मंदावेल. ती प्रकरणे दोनदा वाचावीत. मराठी किंवा इंग्रजी अनुवाद मात्र शेजारी उघडा ठेवू नये, कारण नजर आपोआप सोप्या ओळीकडे वळते.