दसऱ्याला निघायचंय, गाडी कुठली घेऊ?

प्रश्न: मी आणि मिसेस दोघंही यंदा रिटायर होतोय. राजारामपुरीतला फ्लॅट भाड्यानं देऊन गाडीतच राहत वर्ष-दोन वर्षं भारत फिरायचं ठरवलंय. मुलगी म्हणते फोर्सची गुरखा जीपच घ्या, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद) पाहिजेच, मला फोर्सचीच ट्रॅव्हलर व्हॅन बरी वाटते. दसऱ्याला निघून आधी तामिळनाडू, मग उत्तरेला लडाख असा बेत आहे. काय म्हणता?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: काका, बेत लई भारी आहे, पण आधी पाऊस कुठं कधी असतो ते बघा, मग रस्ता, आणि गाडी सगळ्यात शेवटी. आपल्याकडचा पाऊस दसऱ्याला आवरतो तेव्हा तामिळनाडूत सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला मुख्य पाऊस, आणि नव्या गाडीत पहिलेच दिवस खिडक्या बंद करून ओल्या कपड्यांत काढावे लागले तर काकू दिवाळीआधी परत फिरा म्हणतील. त्यापेक्षा हायवेवरच्या तावडे हॉटेलच्या चौकातून पुण्याकडं वळा. थंडीत गुजरात, कच्छ, राजस्थान, मग पंजाब, एप्रिल-मेमध्ये हिमाचलचा खालचा भाग आणि जूनमध्ये लडाख. तामिळनाडू पुढच्या जानेवारीत करा, घरापासून जवळच आहे.

लडाखला श्रीनगरकडून चढा हे मी आग्रहानं सांगतोय. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, कारगिल २,७०० आणि लेह ३,५००, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो. मनालीकडून गेलात की सरचूचा मुक्काम ४,३०० मीटरच्या आसपास पडतो, तिथं डोकं धरून बसलेली तरणीताठी पोरं पण दिसतात. कारगिलला दोन रात्री थांबाच. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळत असतात तेव्हा लडाखला पाऊस फार कमी, कारण तो डोंगरांच्या पलीकडं पर्जन्यछायेत आहे, म्हणून तो काळ तिथंच काढा आणि सप्टेंबरात खाली उतरा.

आता गाडी. या सगळ्या रस्त्यांवर ट्रक आणि एसट्यांसारख्या बसेस टू व्हील ड्राइव्हवरच चालतात, फोर बाय फोरवाचून तुमचं काही अडणार नाही. गुरखा चिखलात दणकट आहे पण रोज त्यात वाकून कपडे बदलायचे, वाकून चहा करायचा, दोन महिन्यांत कंबर बोलायला लागते. माझं मत ट्रॅव्हलरला, त्यातही ३३५० व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ३३५० मिलिमीटर अंतर असलेली, तुलनेनं आखूडवाली, गल्लीबोळात आणि घाटात वळते. ॲम्ब्युलन्स आणि स्कूल बस म्हणून ती देशभर पळते त्यामुळं तालुक्याच्या गावात पण तिचा मेकॅनिक आणि पार्ट मिळतो, आणि घरापासून दोन हजार किलोमीटरवर गाडी बंद पडते तेव्हा हीच गोष्ट कामाला येते.

गाडीचं घर करायला बॉडीला हात लावायच्या आधी मात्र आरटीओत जा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशन फर्स्ट क्लास होतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाला सोडून बदल करता येत नाही, त्यामुळं ड्रॉइंग आधी दाखवा, मोटर कॅरव्हॅन (आत राहायची सोय असलेली गाडी) म्हणून नोंद कशी होईल ते विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा, नाहीतर क्लेम अडकतो. आणि वजन! १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यात बॅटरी, पलंग, कपाटं. जाड प्लाय टाळा. काम झालं की टाकी भरून, तुम्ही दोघं आत बसून, वजनकाट्यावर गाडी घाला आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा.

प्रश्न: गाडीत गॅस ठेवावा का? – एक वाचक, कदमवाडी

उत्तर: ठेवा, पण ५ किलोचा, बऱ्याच पेट्रोल पंपांवर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला अगदी खाली, गाडीबाहेर उघडणारं भोक पाहिजेच. आणि लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, तेव्हा कुकर घ्या आणि रबरी रिंग जादाची ठेवा.