हिशेब मांडायची लाज

समाजकार्याची पदवी घ्यायची मनापासून इच्छा आहे, फी भरायला कर्ज काढावं लागणार आणि पुढे पगार बेताचाच. करू की नको? मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न घेऊन माझ्याकडे मुलं-मुली वरचेवर येतात. त्यातल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, मला फक्त हो किंवा नाही सांगा.”

“कशाला हो म्हणायचं, ते आधी कळू दे.”

तिने एका दमात सगळं सांगितलं. नावाजलेल्या संस्थेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता. वडील कर्जाला जामीन राहणार होते, पण घरात रोज खटके उडायचे. एवढा पैसा घालून मिळणार काय, असं वडील विचारायचे. तुम्हाला पैशापलीकडे काही दिसत नाही, असं ही म्हणायची.

“कर्ज किती? हप्ता किती बसेल?”

“अंदाज आहे.”

“सांग ना.”

ती गप्प. वाणिज्य शाखेची पदवीधर, आकड्यांना बिचकेल अशी नव्हती. घरी मांडून आण म्हटलं, तर पुढच्या भेटीला वही आली, पान कोरं. त्याच्या पुढच्या भेटीलाही तेच. ही कर्जाला घाबरते आहे असं मी धरून चालले होते. ते चुकीचं होतं हे तिच्याच एका वाक्याने दाखवून दिलं.

“या कामात यायचं तर माणसाने पैशाचा विचार करताच कामा नये.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये जी मानसोपचारपद्धती मांडली, तिच्यावर माझा विश्वास आहे. परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचे आपले हट्टी समज आपल्याला जास्त छळतात, हे तिचं सार. मराठीत असा हट्ट पकडायला एक अक्षर पुरतं: च. त्या अक्षरासाठी माझा कान वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झाला आहे.

मी तिला म्हटलं, “समज, तू शिकून कामाला लागलीस. कर्जात बुडालेलं एक कुटुंब तुझ्यासमोर बसलंय. सुरुवात कुठून करशील?”

“कागद घेईन. कोणाचं किती देणं आहे, घरात येतं किती, ते लिहून काढू.”

“आणि ते म्हणाले, पैशाचं बोलायची आम्हाला लाज वाटते?”

“मी म्हणेन, यात लाज कसली, हे तर...” ती थांबली. बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हाताशी आलेलं निसटतं. मग ती हळूच म्हणाली, “वडिलांसारखी होईन असं वाटत होतं. आकडे लिहिले की मी त्यांच्या बाजूची.”

कर्जाची भीती होतीच, पण तिच्याखाली लाज दडली होती. लाज गेल्याशिवाय भीती मोजता येत नाही, हे मला त्या दिवशी उमगलं, आणि तेव्हापासून असा प्रश्न आला की मी आधी लाजेची चौकशी करते. तिला मी मेरी रिचमंड यांच्याबद्दलही सांगितलं. व्यक्तिसहाय्य कार्याचा, म्हणजे एकेका व्यक्तीची किंवा कुटुंबाची अडचण समजून घेऊन मदत करण्याच्या पद्धतीचा, पाया घालणाऱ्या या बाईंनी १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या एका मदतसंस्थेत कामाला सुरुवात केली ती सहायक कोषाध्यक्ष म्हणून. हिशेब सांभाळणाऱ्या बाई! ते ऐकून ती पहिल्यांदा मोकळी हसली.

पुढच्या वेळी पान भरलेलं होतं. वर्षाला १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर १०० च्या कर्जामागे महिन्याला साधारण १.३२ भरावे लागतात आणि शेवटी एकूण १५८ च्या वर जातात. म्हणजे कर्ज एका वर्षाच्या पगाराएवढं असेल, तर पगारातले १६ टक्के हप्त्यात जातात. दोन वर्षांच्या पगाराएवढं असेल तर ३२ टक्के. तिचा आकडा या दुसऱ्याच्या जवळ होता. शिवाय शिकताना हप्ता नसला तरी व्याज बहुधा चढत राहतं आणि पुढे मुद्दलात मिळतं, हे तिने धरलंच नव्हतं.

माझं स्वतःचं मत असं की एका वर्षाच्या पगारापेक्षा जास्त कर्ज या क्षेत्रात डोक्यावर घेऊ नये. पगार कोणता धरायचा? माहितीपत्रकातला सर्वात मोठा नव्हे. चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: सुरुवातीला हातात किती यायचे, आज किती येतात, बरोबरचे किती जण याच कामात आहेत? शेवटचा प्रश्न सोडू नका. हप्त्याच्या धाकाने आवडतं काम सोडून भलतीकडे गेलेली गुणी माणसं मी पाहिली आहेत, त्याचं मला फार वाईट वाटतं. रुग्णालय, शाळा, कामगार कल्याण, वस्तीपातळीवरचं काम, सगळीकडचे पगार सारखे नसतात, म्हणून नुसतं ‘समाजकार्यात काय मिळतं’ असं विचारून भागत नाही. क्षेत्रकार्याचे, म्हणजे शिकताना संस्थेत किंवा वस्तीत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाचे, दिवसही मोजा. ते बहुतेकदा बिनपगारी असतं, प्रवासखर्च आपला, आणि त्यामुळे जोडीला अर्धवेळ नोकरी करणं अवघड जातं.

शिष्यवृत्तीचे अर्ज तिने उशिरा का होईना भरले. कमी फीच्या एका संस्थेत तोच अभ्यासक्रम होता. तिथल्या माजी विद्यार्थ्यांशी ती बोलली. मग ते पान तिने वडिलांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले, “मला वाटलं होतं तू हे बघितलंच नाहीस.” त्यानंतर त्या घरात या विषयावर वाद झाला नाही, असं तिनेच सांगितलं.

प्रवेश तिने कमी फीच्या संस्थेत घेतला. पहिल्या पसंतीची संस्था हातची गेली, हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मी तिची समजूत घातली नाही. टेबलावरचं पाणी पुढे केलं आणि ती बोलेपर्यंत थांबले.