चूक झाली तरी ‘२००’? स्टेटस कोडविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आम्ही कोल्हापुरी चपलांच्या एका विक्रेत्यासाठी एपीआय (ॲप आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीचा दुवा) लिहिला आहे. त्यात सर्व्हरचे प्रत्येक उत्तर २०० (‘काम झाले’) या स्टेटस कोडनेच जाते आणि काम झाले की नाही, हे उत्तरातील जेसन या रचनेच्या मजकुरात एका फील्डमध्ये लिहिलेले असते. आमचे मोबाइल ॲप ते फील्ड वाचते. मग वेगवेगळे कोड पाठवण्याचा खटाटोप कशासाठी?
– एक प्रोग्रामर, राजारामपुरी

उत्तर : ॲप ते फील्ड वाचते हे खरे, परंतु सर्व्हर आणि ॲप यांच्या दरम्यान सीडीएन (उत्तरांच्या प्रती ग्राहकांजवळ साठवणारे सर्व्हर), प्रॉक्सी (मधला निरोप्या सर्व्हर) आणि लोड बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा) असतात, बाजूला देखरेखीची साधने असतात, आणि यांपैकी कोणीही सहसा तुमचे जेसन उघडून पाहत नाही. ते कोड पाहतात आणि त्यावरून निर्णय घेतात. डेटाबेसची जोडणी तुटली असताना तुम्ही ‘माल दाखवता येत नाही’ हा संदेश २०० सह पाठवला आणि त्या पानासाठी कॅशची (साठवलेल्या प्रतीची) मुदत ठरवलेली असली, तर सीडीएन तोच संदेश जपून ठेवील आणि डेटाबेस पूर्ववत झाल्यावरही ग्राहकांना देत राहील. देखरेखीच्या फलकावर मात्र त्या काळात सारे आलबेल दिसेल.

एचटीटीपीचे, म्हणजे वेबवरील विनंती-उत्तरांच्या कराराचे, अर्थविषयक नियम सध्या जून २०२२ च्या आरएफसी ९११० या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात आहेत. त्यांनुसार अनोळखी कोड आला तरी क्लायंटने (विनंती पाठवणाऱ्या ॲपने) पहिल्या अंकावरून त्याचा वर्ग ओळखायचा असतो : २ म्हणजे यश, ४ म्हणजे विनंतीतील चूक, ५ म्हणजे सर्व्हरकडील बिघाड. उदाहरणार्थ, ४७१ हा कोड माहीत नसेल तर तो ४०० समजावा. म्हणूनच माझ्या मते पहिला अंक बरोबर असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ४०० की ४२२ हा वाद त्यानंतरचा. ग्राफक्यूएल या एपीआयच्या वेगळ्या पद्धतीत २०० सह त्रुटी पाठवण्याची पद्धत आहे, पण तो निराळा करार असून तुमच्या एपीआयला लागू होत नाही.

बदल करताना ग्राहकांच्या फोनमधील जुनी ॲप अडखळू नयेत म्हणून नवे कोड एपीआयच्या नव्या आवृत्तीत द्यावेत. सविस्तर संदेश उत्तराच्या बॉडीत (मुख्य मजकुरात) ठेवायला हरकत नाही; त्यासाठी आरएफसी ९४५७ मध्ये ठरावीक जेसन रचनाही आहे. ब्राउझरमधील ‘फेच’ हे विनंती पाठवणारे फंक्शन ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) आल्यावर आपोआप त्रुटी देत नाही, त्यामुळे तेथे ‘ओके’ हा गुणधर्म तपासावाच लागतो.

प्रश्न : हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांच्या पोर्टलवर एखाद्या व्यापाऱ्याने लॉगिन करून दुसऱ्याचे बिल उघडले, तर ४०१ द्यावा की ४०३?

उत्तर : विनंती करणारा कोण आहे हेच सिद्ध झाले नसेल, तेव्हा ४०१ द्यावा आणि त्यासोबत ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हेडर (ओळख कशी पटवायची हे सांगणारी ओळ) असणे बंधनकारक आहे. व्यक्ती ओळखली, पण तिला परवानगी नाही, अशा वेळी ४०३ योग्य. येथे ४०१ दिला तर बरीचशी ॲप लॉगिनच्या पानाकडे नेतात आणि बिचारा व्यापारी योग्य पासवर्ड टाकूनही पुन्हा तेथेच येतो. मात्र तुमचे बिल क्रमांक ओळीने असतील, तर ४०३ मुळे ‘या क्रमांकाचे बिल आहे’ एवढी माहिती बाहेर जाते. ती लपवायची असल्यास ४०४ देण्यास नियमांची मुभा आहे. फक्त खरोखर नसलेल्या बिलासाठीचे उत्तरही शब्दशः तेच असावे.

प्रश्न : मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यांसाठी ॲप करतो आहे. बोलीत वजन लिहिले नसेल किंवा लॉट आधीच विकला गेला असेल, तर कोणता कोड द्यावा?

उत्तर : जेसनच मोडके असेल तर ४००, जेसन नीट, पण वजन नाही किंवा ऋण आहे, तर ४२२, लॉट विकला गेला असेल तर ४०९, कारण तेथे बोलीत दोष नसून तिचा लॉटच्या सद्यःस्थितीशी मेळ बसत नाही. या तिन्हींसाठी ५०० कधीही देऊ नये, कारण बिघाड सर्व्हरमध्ये नसतो.

प्रश्न : ऑर्डर नोंदवताना कधी कधी ५०४ (वेळेत उत्तर मिळाले नाही) येतो, ग्राहक पुन्हा बटण दाबतो आणि दोन ऑर्डर पडतात. टाइमआउट वाढवावा का?

उत्तर : टाइमआउट वाढवल्याने प्रसंग कमी होतील, दोष जाणार नाही. ५०४ हे तुमच्या प्रोग्रामचे उत्तर नसून पुढे बसलेल्या प्रॉक्सीचे आहे. एन्जिनएक्स या प्रॉक्सी म्हणून वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये उत्तराची वाट पाहण्याची मूळ मर्यादा ६० सेकंद असते. ती संपल्यावर प्रॉक्सी ५०४ देऊन मोकळा होतो, परंतु मागचा प्रोग्राम काम पूर्ण करून ऑर्डर नोंदवू शकतो. त्यामुळे ५०४ चा अर्थ ‘ऑर्डर झाली नाही’ असा लावता येत नाही. ‘पुट’ (दिलेल्या पत्त्यावर माहिती ठेवणे) किंवा ‘डिलीट’ (ती काढणे) या प्रकारची विनंती पुन्हा पाठवली तरी अपेक्षित परिणाम एकदाच केल्यासारखा राहतो. नवी ऑर्डर सहसा ज्या ‘पोस्ट’ विनंतीने नोंदवतात, तिला तशी हमी नाही. म्हणून ॲपने प्रत्येक ऑर्डरसाठी एक अनन्य किल्ली तयार करावी, पुन्हा प्रयत्न करताना तीच पाठवावी, आणि डेटाबेसमध्ये त्या किल्लीच्या स्तंभावर युनिक इंडेक्स (तीच किल्ली दोनदा नोंदू न देणारे बंधन) ठेवून दुसऱ्या वेळी पहिल्याच ऑर्डरचे उत्तर परत द्यावे. काम मुळातच लांबणारे असेल, तर लगेच २०२ (विनंती स्वीकारली, काम अजून बाकी) देऊन ऑर्डरची स्थिती पाहण्याचा पत्ता सोबत द्यावा.